गाणी मी जपली नव्हती

तलासरीत गेल्या हिवाळ्यात एका छोट्या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. तिच्यात त्या डोंगरपट्टीतली लग्नाची गाणी आहेत. पाहुण्यांनी भाषणात माझ्याकडे हात करून सांगितलं, "या गृहस्थांनी ही गाणी वर्षानुवर्षं पोटाशी धरून जपली." टाळ्या झाल्या, माझ्या खांद्यावर शाल पडली आणि मी हात जोडले. माइक दोन हातांवर होता, तरी मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर बायकोनं शाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाली, "कापड चांगलं आहे. पण काय हो, गाणी तुम्ही जपलीत होय? मला वाटलं, तुम्ही हरवलीत."

तिचं खरं आहे. ती मी हरवली होती, आणि परत मिळवली ती दुसऱ्यांनी. ते दुसरे कोण आणि मला कसे भेटले, हे लिहून ठेवतो. इतके दिवस बोललो नाही कारण सांगायला लागलो की आधी हरवण्याचं सांगावं लागतं.

डहाणूला स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका मराठीत आणि गुजरातीत, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, श्रद्धांजलीची कार्डं, असं जे येईल ते करायचो. तलासरीकडच्या एका पाड्यावर साताऱ्याकडचे एक गुरुजी शिकवत. त्या पाड्यावर लग्न लावणारी एक धवलेरी होती. तिकडे लग्न बाई लावते. अंगणातल्या मांडवापासून घरातल्या भिंतीवर चौक लिहिण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, आणि ती सगळी धवलेरीला तोंडपाठ असतात. गुरुजींनी ती लिहून घ्यायचं ठरवलं. बाई म्हणाली, "लिही. पण लग्न नसताना मी तोंडातून काढायची नाय." तिचा तो नियम होता, आणि गुरुजींनी तो पाळला. लग्न असेल तिथे जाऊन भिंतीला टेकून बसायचे आणि लिहायचे. असे कित्येक उन्हाळे गेले. जेवढं लिहून होई तेवढं माझ्याकडे आणून देत, मी टाइप करी, ते प्रूफ तपासून घेऊन जात.

आमच्या धंद्याची एक रीत होती. प्रूफ पास झालं की हाताने लिहिलेली कच्ची पानं टाकून द्यायची. ठेवायला जागा कुठे होती? दुकानासमोर भेळवाला उभा राहायचा. तो संध्याकाळी हाक मारी, "शेठ, कागळ आपो ने!" आणि मी गठ्ठा देऊन टाकी. अर्ज गेले, निबंध गेले, तशी गाणीही गेली. डहाणूत कोणी कोणी त्या कागदांतून भेळ खाल्ली असेल, कोण जाणे. मला त्यात काही गैर वाटलं नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे कायमचं आहे, अशी आम्हा सगळ्या डीटीपीवाल्यांची समजूत होती.

गुरुजींची बदली त्यांच्या गावाकडे झाली. पुस्तक काढायचं राहून गेलं. मग दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात एके दुपारी व्होल्टेज चढलं आणि माझा जुना कॉम्प्युटर जळला. त्याच्या पाठीमागे खोचलेली फॉन्टची किल्लीही जळली. तिला आम्ही डोंगल म्हणत असू. ती लावल्याशिवाय मराठी अक्षरं उमटत नसत. फॉन्ट बनवणारी ती छोटी कंपनी कधीच बंद पडली होती. पण गाण्यांची सीडी शाबूत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. नव्या कॉम्प्युटरवर सीडी उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, प्रश्नचिन्हं यांचा नुसता उकिरडा आला. एक शब्द कळेना. तेव्हाचे फॉन्ट मुखवट्यासारखे होते. आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा चेहरा. मुखवटा गेला की खाली काहीच ओळखीचं उरत नाही.

साताऱ्याला गुरुजींच्या घरी फोन लावला. मुलाने उचलला. म्हणाला, "बाबा गेले, वर्ष होत आलं. त्यांचे कागद घर बदलताना काढून टाकले."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धवलेरी दुकानात आली. बरोबर सून होती. जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू, असा प्रवास करून दोघी आल्या होत्या. जिना न चढताच बाईला धाप लागली होती. म्हणाली, "शेट, गुरुजीनं लिहिलेली गाणी काढून दे. आता मला दम पुरत नाय. ही म्हणते, पण मधीमधी विसरते. हिला वाचता येतं."

सून हसून म्हणाली, "कागद हातात असला तर आईंची बोलणी कमी खावी लागतील."

मी म्हणालो, "आहेत, आहेत. सगळी सुरक्षित आहेत. शाई संपली आहे, पुढच्या खेपेला देतो."

ते एक वाक्य बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. पुढे मात्र फार पडले. पुढच्या खेपेला प्रिंटर बिघडला होता. त्याच्या पुढच्या खेपेला मी दुरून त्या दोघींना येताना पाहिलं, आत जाऊन बसलो आणि बायकोला पुढे केलं. ती त्यांना म्हणाली, "कासाच्या बाजाराला गेलेत, उशीर होईल." त्या गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्हीच कासाला जा, मला पाप नको." मग बाई येईनाशी झाली. सून कधी बाजाराच्या दिवशी एकटी येऊन दारातून विचारून जाई. शेजारपाजारच्या डीटीपीवाल्यांना विचारावं तर एकाने मोबाइलचं दुकान घातलं होतं, दुसरा मुलाकडे सुरतेला गेला होता. आमच्या धंद्याची भाषा बोलणारं माणूसच गावात उरलं नव्हतं. माझा मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, आता ते कोणाला लागतंय?" कोणाला लागतंय ते मला माहीत होतं, पण सांगणार कसं?

दोन हजार सोळाच्या थंडीत एक बाई दुकानात आल्या. पुण्याच्या, चाळिशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं भरभर. नरपडला चिकूच्या वाडीतल्या एका रिसॉर्टवर त्यांची दोन दिवसांची कॉन्फरन्स होती, भारतीय भाषा आणि संगणक या विषयावर. पुण्यामुंबईचे हॉल महाग म्हणून त्यांनी समुद्रकाठ निवडला होता. त्यांना गळ्यात अडकवायची नावाची कार्डं छापून हवी होती. प्रत्येक कार्डावर नाव आणि खाली कंपनी. मी कार्डं छापली. कागदाच्या मापात एक कार्ड जास्तीचं बसत होतं. कोरं सोडवेना. त्यावर मी माझं नाव घातलं आणि कंपनीच्या जागी "डीटीपी, डहाणू". गंमत म्हणून केलं, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी कार्डं पोचवायला गेलो ते परत फिरलोच नाही. खिशातलं कार्ड गळ्यात घातलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. वर्गात दुसऱ्याच्या जागी हजेरी द्यायला बसावं तसं वाटत होतं. सगळी मुलं माझ्या मुलाच्या वयाची किंवा त्याहून लहान. निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. पण एक तरुण उभा राहिला आणि रफार लहान आकारात कसा बिघडतो यावर बोलू लागला, आणि त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली, आणि दोघे असे भांडले की जणू वाडीच्या हद्दीचा वाद चाललाय. मी आयुष्यभर हे भांडण एकट्याने, रात्रंदिवस त्या पडद्याशी केलं होतं. हे भांडण आणखी कोणी करतं, हेच मला माहीत नव्हतं.

चहाच्या आधी कोल्हापूरचा एक गडी बोलायला आला. टक्कल, पोट सुटलेलं, पायात चपला. त्याने पडद्यावर एक पान लावलं. कंस, टक्के, प्रश्नचिन्हं. "मंडळी, हा मराठीतला एक सुंदर मजकूर आहे," तो म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. मी हसलो नाही. मी उभा राहिलो होतो. उभा कधी राहिलो ते मला कळलं नाही.

"बोला की काका," तो म्हणाला.

"हे... हे परत मराठी होतं का?"

"ते करायलाच तर बसलोय. कुठला फॉन्ट तुमचा?"

मी नाव सांगितलं. तो हसायचा थांबला. "तो? त्या फॉन्टचं काहीच कुठं शिल्लक नाही ओ. कुठली कळ दाबली की काय उमटायचं, त्याचा तक्ताच मिळत नाही. तीन वर्षं शोधतोय मी. तुम्ही वापरलाय?"

"वीस-बावीस वर्षं."

"बसा बसा," तो म्हणाला, "पळून जाऊ नका. चहाला भेटतो."

चहाच्या वेळी पुण्याच्या बाईंनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं. माझे कान तापले. "यादीत तुमचं नाव नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कार्ड जास्तीचं झालं होतं. काढून देतो."

"काढताय कशाला? जेवणाचं कूपन घेतलंत का?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात कूपन ठेवलं आणि दुसरीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी सीडी घेऊन गेलो. कोल्हापूरकराने मला चिकूच्या झाडाखाली टेबलाशी बसवलं. म्हणाला, "सांगा, कुठल्या कळीला काय?" मला एकही सांगता येईना. क कुठे, आठवेना. ख कुठे, आठवेना. मला रडू यायचंच बाकी होतं. दुसऱ्यांदा हरवल्यासारखं झालं.

त्याने डोकं खाजवलं आणि माझ्यासमोर कीबोर्ड सरकवला. "आठवू नका. मी बोलतो, तुम्ही नुसतं टाइप करा. पडद्याकडं बघायचं नाही. लिहा: आमचे येथे श्रीकृपेकरून."

माझी बोटं चालू लागली. लग्नपत्रिकेचा मजकूर हजारदा केलेला. "आमचे चिरंजीव" झालं, "मंगल कार्यालय" झालं, "आपली उपस्थिती प्रार्थनीय" झालं. डोक्याला माहीत नव्हतं ते बोटांना माहीत होतं. पडद्यावर उकिरडा उमटत होता आणि कोल्हापूरकर खुशीत ओरडत होता, "आला, क आला! ज्ञ आला! घ्या, श्री पण आली!" आजूबाजूची मुलं येऊन उभी राहिली. कोणी म्हणे, "काका, आता श्रद्धांजली लिहा, त्यात वेगळी जोडाक्षरं असतात." कोणी म्हणे, "अरे, जिवंत माणसाला श्रद्धांजली काय लिहायला लावतोस!" दुपारपर्यंत तक्ता बराचसा भरला. मग त्याने सीडीवरची पहिली फाइल त्या तक्त्यातून काढली.

पडद्यावर मांडवाचं गाणं होतं. काही जागी न उलगडलेल्या अक्षराचा चौकोन, काही जागी चुकीची मात्रा, पण गाणं होतं. मी चष्मा काढून पुसला. खरं तर चष्मा स्वच्छ होता.

"कच्चा कागद कुठाय?" कोल्हापूरकराने विचारलं. "उरलेलं त्यावरून ताडून बघू."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. भेळवाल्याचं, सुनेचं, कासाचं. पुण्याच्या बाईही येऊन ऐकत उभ्या होत्या. पुढची फाइल उघडत तो म्हणाला, "आता हे पुरं करायलाच लागणार की ओ, काका. काय इलाज नाही." बाईंनी विचारलं, "त्या आजी अजून आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत." "मग त्यांना कधी सांगताय?" मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

कॉन्फरन्स संपली, पण आम्ही सुटलो नाही. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात मला घातलं. आमच्या इतर ग्रुपांवर सकाळी सूर्योदय आणि फुलं येतात, तिथे एखाद्या बिघडलेल्या जोडाक्षराचा फोटो येई आणि खाली दिवसभर वाद. मीही वाद घालू लागलो. कोल्हापूरकर रोज रात्री जेवणानंतर फोन करी, "काका, हा चौकोन बघा, काय असंल?" कधी चौकोनाचं दोन मिनिटांत संपे आणि पुढे तासभर त्याच्या मुलीच्या शाळेचं, माझ्या गुडघ्याचं, कुठलं मटण चांगलं याचं चाले. मधे एकदा चौघेजण गाडी करून आले, बायकोने बोंबील तळले आणि गुजरातीत शेजारणीला हौसेने सांगितलं की आमच्या ह्यांचे मित्र आलेत. तो शब्द आमच्या घरात किती वर्षांनी बोलला गेला, कोण जाणे. साठी उलटल्यावर माणसाला नवे मित्र होतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलाला फोनवर सांगायला तर मला लाजच वाटली. मी म्हणालो, "एक काम मिळालंय."

मार्चपर्यंत गाणी बहुतेक सगळी निघाली. जिथे निघाली नाहीत तिथे निघालीच नाहीत, कारण जुन्या काळी फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं मी माझ्या युक्तीने दोन तुकडे जोडून करत असे, आणि त्या युक्त्या बोटांनाही आठवेनात. धवलेरीला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि ती लग्नाशिवाय तोंड उघडणार नव्हती.

सून बाजाराला आली तेव्हा या खेपेला मी स्वतः दुकानाच्या पायरीवर उतरून तिला थांबवलं. "लग्न कधी आहे तुमच्याकडे?" तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात, चुलत दिराचं. का?"

"येतो मी. आईंना सांग."

आम्ही तिघे गेलो. मी, कोल्हापूरकर आणि पुण्याच्या बाई. जीपमध्ये मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. कोल्हापूरकर म्हणाला, "काका, परीक्षेला चाललाय का?" बाई म्हणाल्या, "तू गप बस." पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. घरात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत होत्या. धवलेरी उंबऱ्याजवळ पाय पसरून बसली होती, पूर्वीपेक्षा लहान झाल्यासारखी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. छापलेली पानं अजून पिशवीतच ठेवली. आधी पानं दिली असती तर बोलायची गरजच राहिली नसती, आणि मी स्वतःला ओळखतो.

"बाय," मी म्हणालो, "गुरुजींची पानं मी टाकून दिली होती. कॉम्प्युटर जळला तेव्हा गाणी गेली. तू आलीस तेव्हा नव्हती माझ्याकडे. शाई, प्रिंटर, सगळं खोटं सांगितलं. या माणसांनी ती परत काढली."

ती सुनेकडे वळली. "मी काय बोलले होते?"

"बोलल्या होत्या," सून म्हणाली.

"हा कासाला गेला म्हणून ह्याची बाय सांगते, आन् आतून खोकतंय कोण? कासातून खोकला डहाणूपर्यंत येतो?" भिंतीपाशी बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. एकीच्या हातातली काडी चौकाच्या रेषेबाहेर गेली. मग धवलेरीचा चेहरा बदलला. "गाणी गेली त्याचा मला राग नाय, शेट. माझ्याकडे होती. पण तवा माझ्याकडे दमपण होता. तवा बोलला असतास तर त्याच साली लग्नात बसवून हिला सगळी दिली असती. दोन उन्हाळे खाल्लेस माझे."

मी "हो" म्हणालो. कितीतरी दिवसांनी मी तिला एक खरा शब्द बोललो होतो. राग तिचा होता, तो तिने माझ्या तोंडावर टाकला होता, आता मला तिच्यापासून लपायचं कारण राहिलं नव्हतं.

"दे काय आणलंस ते," ती म्हणाली.

पानं सुनेच्या हातात गेली. सुनेने पानावर बोट ठेवून गायला सुरुवात केली. पहिल्या काही ओळी ती वाचत होती, मग गाऊ लागली. भिंतीपाशी बसलेल्या बायकांनी मागून तीच ओळ ओढली. एका ठिकाणी सून थांबली. तिथे आमचा चौकोन होता. धवलेरीने डोळे न उघडता, घोगऱ्या आवाजात, अर्धी ओळ म्हटली. दम तुटला. पुन्हा म्हटली. कोल्हापूरकराने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्यावर पान धरून लिहून घेतलं. "आजी, परत एकदा म्हणा की," तो म्हणाला.

"परत नाय. पुढच्या लग्नात ये," ती म्हणाली, आणि सुनेला हाताने खूण केली, पुढे चल.

त्या दिवशी सगळे चौकोन भरले नाहीत. तिचा दम मध्येच संपला, आणि काही गाणी त्या लग्नात यायचीच नव्हती. म्हणून पुस्तिकेत त्या जागा आम्ही कोऱ्या सोडल्या आहेत, आणि तळाशी छापलं आहे की ज्यांना ओळ माहीत असेल त्यांनी पेनाने भरावी. हे सुचवलं पुण्याच्या बाईंनी. छापखान्यातल्या कोणाला ते पसंत नव्हतं, अर्धवट दिसतं म्हणे. मला ते बरोबर वाटलं. ज्या जागा मी घालवल्या, त्या तशाच दिसल्या पाहिजेत.

धवलेरी अजून आहे. आता गात नाही, ऐकते, आणि सून चुकली की जमिनीवर हात आपटते. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळा लागला की कोल्हापूरहून फोन येतो. "काका, लग्न कुठल्या तारखेला धरलंय? रजा टाकायची आहे." तीन वर्षं आम्ही जातो आहोत. दरवेळी एखाददुसरी ओळ सापडते. माझ्या प्रतीत अजून बऱ्याच जागा कोऱ्या आहेत.